सैनिकाच्या हातातील दुसरे हत्यार



दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेतून तीन वाटा फुटत. एक तालुक्याच्या कॉलेजकडे जाई, दुसरी आयटीआयकडे आणि तिसरी भरतीच्या मैदानाकडे. कॉलेजकडे गेलेल्यांविषयी या स्मरणिकेत पुष्कळ लिहून येईल. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक झालेल्या वर्गबंधूंचा आपल्याला अभिमान आहेच. मला लिहायचे आहे ते उरलेल्या दोन वाटांविषयी. कोणी फिटर झाला, कोणी वायरमन. कोणी पलटणीत गेला आणि पंधरा-सतरा वर्षांनी ट्रंक घेऊन परत आला. या दोन वाटा आपल्याला एकमेकींपासून दूर वाटतात. पण इतिहासाची पाने उलटली, तर दुसरी वाट तिसऱ्या वाटेतूनच निघालेली दिसते. आपल्या देशातील आयटीआयचे मूळ बऱ्याच अंशी लढाईवरून परतलेल्या सैनिकांना धंदा शिकवण्याच्या खटपटीत आहे. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे ही गोष्ट आपल्या मंडळींना सांगावी असे फार दिवस मनात होते.

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. शिपायाची बंदूक हे हत्यार आणि सुताराचा रंधा, फिटरची कानस हेही हत्यारच. पहिले हत्यार खाली ठेवलेल्या माणसाच्या हाती दुसरे हत्यार कोणी दिले, ते हक्क म्हणून दिले की मेहेरबानी म्हणून, आणि ते कोणाला मिळाले, कोणाला नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जमीन, पेन्शन आणि खडकीची शाळा

जुन्या काळी लढाईहून परतलेल्या शिपायाला मिळे ती जमीन, इनाम किंवा पेन्शन. शिपाई शेतकऱ्याच्या घरातला असे आणि तो परत शेतावरच जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. त्याला काही शिकवावे, हा विचार फारसा कोणाच्या मनात येत नव्हता.

पहिल्या महायुद्धाने हे गणित बिघडवले. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तो अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सैनिकीमुळे. जे परत आले त्यांतले अनेक जण हात किंवा पाय गमावून आले होते. ज्याला नांगर धरता येत नाही, त्याला जमीन देऊन काय उपयोग? आणि पेन्शन तर तुटपुंजी.

अशा जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत एक शाळा सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्यात पुढाकार घेतला आणि राणी मेरीचे नाव शाळेला देण्यात आले. काही वर्षांनी ही शाळा पुण्याजवळ खडकीला हलली. आजही ती ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ या नावाने तेथे उभी आहे. शिवणकाम, सुतारकाम, यंत्रावरचे विणकाम, मोटारीचे काम असे धंदे तेथे शिकवले जात. पाय नसलेला माणूस बसून शिवणयंत्र चालवू शकतो आणि एक हात अधू असलेलाही यंत्रावर लक्ष ठेवू शकतो. कोणत्या माणसाला कोणता धंदा झेपेल हे पाहून शिकवण्याची ही रीत आपल्या देशात तेव्हा नवी होती.

खडकीच्या शाळेचे मोल मोठे आहे, पण तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ती अपंग सैनिकांसाठी होती आणि देणग्यांच्या आधारावर उभी राहिली होती. धडधाकट परतलेल्या लाखो माणसांचा त्यात विचार नव्हता. खंदकांत चार वर्षे काढलेला पंचविशीचा तरुण गावी परतला, की त्याच्यासमोर तीच कोरडवाहू जमीन आणि तेच सावकाराचे कर्ज असे.

यात आणखी एक अन्याय होता. सैन्यातील नोकरीबरोबर पगार मिळे तसे शिक्षणही मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरातील विद्येच्या ओढीमागे लष्करातील शिक्षणाचाही वाटा होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ अशी वर्गवारी करून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा महारांची एक पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून टाकली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. त्यांचे म्हणणे नीट वाचले तर कळते, की पलटणीचा दरवाजा बंद झाला म्हणजे एक नोकरी तेवढी गेली असे नव्हते. त्यामागची शाळा, पेन्शन आणि गावातील मान हे सगळे एकदम गेले होते. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. सैनिकांना मिळणाऱ्या सवलतींचा इतिहास लिहिताना, सैनिक होण्याची संधीच कोणाला नाकारली गेली, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

वॉशिंग्टनमधील तंबू आणि १९४४ चा कायदा

धडधाकट परतलेल्या सर्वच सैनिकांना शिक्षणाचा हक्क कायद्याने देण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे झाला नाही, तो अमेरिकेत झाला. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय आपल्याकडे काय घडले आणि काय घडायचे राहिले, हे नीट समजणार नाही.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना सरकारने बोनसची प्रमाणपत्रे दिली होती. त्यांचे पैसे मिळणार होते १९४५ मध्ये. मधे जागतिक मंदी आली. हाताला काम नाही आणि खिशात वीस वर्षांनी वटणारा कागद, अशी स्थिती झाली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, कित्येक जण बायकामुलांसह, राजधानी वॉशिंग्टनला आले आणि झोपड्या, तंबू टाकून बसले. २८ जुलै १९३२ रोजी जनरल मॅकार्थर यांच्या हुकमतीखाली सैन्याने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावले आणि त्यांची वस्ती जळाली. देशासाठी लढलेल्यांवर देशाच्याच सैन्याने चाल केली, ही गोष्ट अमेरिकन लोक विसरले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे एक कोटी साठ लाख लोक सैन्यात होते. युद्ध संपताच हे सगळे एकदम घरी येणार आणि शस्त्रास्त्रांचे कारखानेही थंडावणार. पुन्हा १९३२ होणार का, ही धास्ती राज्यकर्त्यांना होती. ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष हॅरी कोलमरी या वकिलाने वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून एका कायद्याचा मसुदा तयार केला. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. लढाई चालू असतानाच परतीची तयारी झाली, हे विशेष. लोकांनी या कायद्याला ‘जी.आय. बिल’ असे सुटसुटीत नाव दिले.

शिक्षणापुरते बोलायचे तर कायदा साधा होता. किमान ९० दिवस सेवा झालेल्या आणि बेअब्रू होऊन काढून न टाकलेल्या सैनिकाला शिकण्याचा हक्क. एक वर्ष, अधिक जितका काळ सेवा केली तितका काळ, एकूण चार वर्षांपर्यंत. फी, पुस्तके आणि हत्यारे यांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम सरकार थेट संस्थेला देई. शिवाय पोटापाण्यासाठी एकट्या माणसाला महिना ५० आणि कुटुंबवाल्याला ७५ डॉलर. ही रक्कम पुढे वाढत गेली. काय शिकायचे आणि कुठे शिकायचे, हे सैनिकाने ठरवायचे. पुस्तकांच्या यादीत हत्यारांचाही समावेश आहे, इकडे लक्ष द्यावे. मेकॅनिकची पाने-पेटी ही त्याची पाठ्यपुस्तके आहेत, हे त्या कायद्याने मान्य केले होते.

कॉलेजपेक्षा वर्कशॉपमध्ये अधिक

जी.आय. बिलाचे नाव निघाले, की विद्यापीठांत गर्दी करणारे माजी सैनिक डोळ्यांपुढे आणले जातात. आकडे मात्र वेगळे सांगतात. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख सैनिकांनी या कायद्याखाली शिक्षण घेतले. त्यांपैकी कॉलेजात गेले सुमारे २२ लाख. सुमारे ३५ लाख जण कॉलेजखालच्या शाळांत शिकले आणि त्यांत धंदेशिक्षणाच्या शाळांचा वाटा मोठा होता. १४ लाख जणांनी प्रत्यक्ष कारखान्यात, गॅरेजमध्ये, बांधकामावर काम करत शिक्षण घेतले आणि सात लाखांच्या आसपास लोकांनी शेतीचे. म्हणजे दर दहांमागे सात जण वर्कशॉप, धंद्याची शाळा, कारखाना किंवा शेत यांकडे गेले. त्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत, पण युद्धानंतरच्या अमेरिकेची घरे, मोटारी, रेडिओ आणि विमाने ज्यांनी बांधली व दुरुस्त केली, त्यांत हे लोक होते.

कामावर शिकण्याची पद्धत विचारपूर्वक आखलेली होती. मालक शिकाऊ माणसाला शिकाऊ पगार देई आणि सरकार त्यावर निर्वाह भत्ता घाली. त्यामुळे बायकोमुले असलेल्या तिशीच्या माणसालाही शिकाऊ म्हणून कमी पगारात राहणे परवडे. वयाने मोठ्या माणसाला धंदा शिकण्यात खरी अडचण बुद्धीची नसते. शिकण्याच्या काळात घर कसे चालवायचे, ही असते. ती अडचण या योजनेने ओळखली होती. शेतीच्या शिक्षणातही वर्गाबरोबर शिक्षक प्रत्यक्ष शेतावर जाऊन मार्गदर्शन करत.

पैसा वाहू लागला की त्याभोवती माशाही जमतात. काही मालकांनी पूर्ण कामगाराचे काम करून घेऊन त्याला ‘शिकाऊ’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे पगाराचा भार सरकारवर. त्याला आळा घालण्यासाठी १९४६ मध्ये पगार आणि भत्ता मिळून किती रक्कम असावी यावर मर्यादा घालावी लागली. त्याहून मोठा घोटाळा खासगी धंदेशिक्षण शाळांचा. फी थेट सरकारकडून मिळते म्हटल्यावर अशा शाळांचे पेव फुटले. पहिल्या पाच वर्षांत नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांची संख्या सुमारे तिप्पट झाली. काहींनी न आलेल्या विद्यार्थ्यांची हजेरी लावली, काहींनी हत्यारांच्या किमती फुगवल्या, तर काहींनी नोकऱ्याच नसलेल्या धंद्यांचे वर्ग भरवले.

टेक्ससचे प्रतिनिधी ओलिन टीग हे स्वतः युद्धात जखमी झालेले सैनिक. त्यांच्या समितीने ही सगळी चौकशी केली आणि कोरियाच्या युद्धातील सैनिकांसाठी १९५२ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. पैसे शाळेला न देता सैनिकाच्या हातात देण्यात आले, एकट्या माणसाला महिना ११० डॉलर, आणि फी त्यानेच भरायची. स्वतःच्या खिशातून फी भरणारा माणूस शाळा पारखून घेतो. दुसरे, शाळा किमान दोन वर्षे चाललेली हवी. तिसरे, कॉलेजबाह्य अभ्यासक्रमात सरकारी पैशांवर शिकणारे सैनिक ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. किमान पंधरा टक्के विद्यार्थी स्वतःच्या पैशाने आलेले असावेत. या शेवटच्या नियमामागचे व्यवहारज्ञान मला फार आवडते. गावातला एकही माणूस पदरचा रुपया मोडून ज्या वर्गाला जात नाही, तो वर्ग सैनिकाच्या माथी का मारावा?

एक दोष मात्र नियमांनी गेला नाही. कायद्याच्या मजकुरात वर्णभेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक कार्यालयांकडे होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना धंदेशिक्षणाच्या चांगल्या शाळांत प्रवेश नसे आणि कामावर शिकवायला मालक तयार नसत. मिसिसिपी राज्यात ऑक्टोबर १९४६ पर्यंत सरकारी रोजगार कार्यालयाने भरलेल्या नोकऱ्यांत कुशल आणि अर्धकुशल जागांपैकी ८६ टक्के गोऱ्यांना मिळाल्या. अकुशल जागांपैकी ९२ टक्के कृष्णवर्णीयांना. सैन्यात ट्रक चालवलेला, पूल बांधलेला माणूस घरी येऊन पुन्हा झाडू घेऊन उभा राहिला. कागदावर सर्वांना सारखा असलेला हक्क टेबलापलीकडचा कारकून कसा वाटून टाकतो, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे १९४५

आता आपल्या देशाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य सुमारे पंचवीस लाखांचे झाले. हे सगळे स्वेच्छेने भरती झालेले. हे युद्ध यंत्रांचे होते. ट्रक, रणगाडे, बिनतारी संदेश यंत्रे, विमाने यांसाठी कुशल हात हवे होते आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनाही फिटर, टर्नर हवे होते. म्हणून सरकारने १९४० मध्ये युद्धकालीन तांत्रिक शिक्षण योजना सुरू केली आणि देशभर शिक्षण केंद्रे उघडली. १९४१ पासून काही तरुणांना शिकण्यासाठी इंग्लंडच्या कारखान्यांतही पाठवण्यात आले. तेथील मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून ती ‘बेव्हिन योजना’ म्हणून ओळखली गेली.

हे सारे काम मजूर खात्याकडे होते आणि जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुभेदाराच्या मुलाकडे हे खाते यावे, हा योगायोग असेल. पण तो नजरेआड करण्याजोगा नाही.

जुलै १९४५ मध्ये याच खात्याखाली ‘पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय’ स्थापन झाले. सेवामुक्त होणारे सैनिक आणि युद्धकामातून सुटलेले कामगार यांना नागरी जीवनात बसवणे हे त्याचे काम. त्यासाठी दोन साधने होती. एक, नोकरी मिळवून देणारी कार्यालये, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. दुसरे, धंदा शिकवणारी केंद्रे. युद्धासाठी माणसे तयार करणारी केंद्रे आता युद्धावरून आलेल्यांना शिकवू लागली.

तुम्हाला आठवत असेल, दहावी-बारावी झाल्यावर आपण सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन ‘एम्प्लॉयमेंटला नाव घालून’ आलो होतो. लांबलचक रांग, ते कार्ड, आणि दर काही वर्षांनी नूतनीकरणाची धावपळ. कॉल कधी येईल याची वाट पाहत किती जणांनी ते कार्ड जपून ठेवले! ते कार्यालय देशभर पसरले ते मुळात सैनिकांसाठी, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९४८ च्या सुरुवातीला ते सर्वांना खुले झाले.

अमेरिकेत आणि आपल्यात मोठा फरक होता तो येथे. तिकडे कायदा झाला आणि शिकणे हा सैनिकाचा हक्क ठरला. आपल्याकडे योजना झाली. योजनेत जितक्या जागा, तितक्यांना शिक्षण. परकीय सरकार निघण्याच्या तयारीत, तिजोरीवर युद्धाचा बोजा आणि सैनिक लाखोंनी. बहुतेक जण पूर्वीसारखेच गावी परतले. तरीही त्या केंद्रांतून एक गोष्ट रुजली. धंद्याचे शिक्षण बापाकडून किंवा वस्तादाकडूनच मिळते असे नाही. सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम, ठरलेला काळ, शिकताना विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र, अशा रीतीनेही ते देता येते, हे दिसून आले. ज्यांच्या जातीचा तो धंदा नव्हता त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. लोहाराचा मुलगा नसलेल्यालाही आता लोखंडाला हात लावता येणार होता.

सैनिकांच्या केंद्रांपासून आयटीआयपर्यंत

दोन वर्षांत फाळणी झाली. लाखो निर्वासित आले आणि त्यांतील तरुणांना कामाला लावायचे होते. माजी सैनिकांसाठीची व्यवस्था आता निर्वासितांसाठीही वापरली गेली. त्यानंतर १९५० मध्ये याच महासंचालनालयाने ‘कारागीर प्रशिक्षण योजना’ सुरू केली आणि देशात सुमारे पन्नास संस्था उभ्या केल्या. हेच आपले आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यात ‘अॅप्रेंटिस’ म्हणून शिकण्याची सोय कायद्यात आली. आपल्या वर्गातील ज्या मित्रांनी आयटीआय करून पिंपरी-चिंचवडला किंवा एमआयडीसीत अॅप्रेंटिसशिप केली, त्यांच्या पायाखालची वाट अशी तयार झाली आहे.

आयटीआय केलेले मित्र सांगतात, की फिटरच्या मुलांचे पहिले काही महिने नुसती कानस चालवण्यात जातात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची. गुण्या लावला की उजेडाची फट दिसता कामा नये. दिसली की पुन्हा घासायचे. हाताला फोड येतात, कंटाळा येतो, पण हात वळतो तो त्यातूनच. हे ऐकून मला आपल्या ड्रिलच्या तासाची आठवण झाली. तेच तेच पुन्हा करण्याची शिस्त सैनिकाच्या अंगात आधीच असते. म्हणूनच निवृत्त सैनिक हा धंदेशिक्षणाचा उत्तम विद्यार्थी असायला हवा.

पण कालांतराने एक विचित्र गोष्ट घडली. जी व्यवस्था सैनिकांसाठी उभी राहिली, तिच्यात सैनिक दिसेनासा झाला. आयटीआय सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची झाली. ते योग्यच, आपल्या कित्येक मित्रांचे संसार त्यावर उभे राहिले. मात्र पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होणाऱ्या शिपायाला त्या बाकावर बसणे अवघड. सैन्यातून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसे निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेक कामाच्या ऐन वयात असतात. आपल्या ओळखीतच पाहा. पलटणीत ज्यांनी वर्षानुवर्षे गाड्यांची इंजिने उतरवली, जनरेटर चालवले, वायरलेस दुरुस्त केले, त्यांतील कितीतरी जण आज बँकेच्या किंवा सोसायटीच्या दारात खुर्ची टाकून बसले आहेत. पहाऱ्याच्या कामात कमीपणा नाही. पण बाहेरच्या जगाला ‘बंदूक धरणारा माणूस’ तेवढा दिसला. त्याच्या हातातील कसब दिसले नाही, कारण त्याचा कागद नव्हता किंवा असलेला कागद कोणाला वाचता येत नव्हता.

परत येणाऱ्या मुलांसाठी

आज सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी अभ्यासक्रम चालवते आणि जवानांना त्याची फी पडत नाही. खडकीची संस्था शंभर वर्षांनंतरही अपंग सैनिकांना शिकवत आहे. अनेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. प्रश्न आहे तो या सोयींपर्यंत पोहोचण्याचा. निवृत्तीच्या आधीच्या धावपळीत, मुलीचे लग्न आणि घराचे बांधकाम डोक्यात असताना, कोणता अभ्यासक्रम निवडावा हे सांगणारे कोणी नसते. मग ज्यात जागा शिल्लक असेल तो घेतला जातो.

येत्या काळात हा प्रश्न अधिक जवळ येणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीत भरती झालेल्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना सैन्यात कायम केले जाते. बाकीचे चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे साडेअकरा-पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी येतात आणि त्यांना पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. ही मुले बावीस-पंचवीस वर्षांची असतील. त्यांत आपल्या शाळेचे विद्यार्थी असतील, आपल्यापैकी काहींची मुले-पुतणेही असतील. योजना चांगली की वाईट यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुरेसे वाद झाले आहेत, ते येथे नकोत. पण हातात रोख रक्कम आणि पुढे मोकळे आयुष्य असलेला तरुण गावात आला, की त्याच्याभोवती कोण कोण जमते, हे आपण जाणतो. जमिनीचे दलाल येतात, ‘खात्रीच्या नोकरी’चे क्लासवाले येतात. १९४६ च्या अमेरिकेत जे फसवे वर्ग उघडले, तसे उघडायला आपल्याकडे कोणाची बंदी नाही.

म्हणून त्या जुन्या अनुभवातून निघालेले तीन प्रश्न मी पुढे ठेवतो. अशा मुलाने कोणत्याही वर्गाला पैसे भरण्याआधी ते विचारावेत. हा वर्ग किती वर्षे चालू आहे? येथे सैनिकांखेरीज इतर लोक स्वतःचे पैसे भरून शिकायला येतात का? आणि येथून शिकून गेलेला माणूस आज कुठे काम करतो, त्याला भेटता येईल का? ज्या वर्गाला या तिन्हींची सरळ उत्तरे देता येत नाहीत, तेथून उठून यावे.

आपल्या माजी विद्यार्थी मंडळालाही थोडे करता येईल. ज्या मित्रांचे स्वतःचे वर्कशॉप, गॅरेज, फॅब्रिकेशनचा किंवा वायरिंगचा व्यवसाय आहे, त्यांनी दरवर्षी परत आलेल्या एक-दोन मुलांना शिकाऊ म्हणून ठेवावे आणि शिकाऊ पगार वेळेवर द्यावा. जे सैन्यातून निवृत्त झाले आहेत, त्यांनी सैनिक कार्यालयातील फॉर्म, मुदती आणि अभ्यासक्रम यांची माहिती शाळेत येऊन सांगावी. मुलगा भरतीला जातानाच ती सांगितलेली बरी, परत आल्यावर उशीर होतो. आणि आम्ही शिक्षकांनी एक करावे. दहावीच्या वर्गात ‘अभ्यास केला नाहीस तर आयटीआयला जावे लागेल’ किंवा ‘हा मिलिटरीतच जाणार’ हे वाक्य शिक्षा म्हणून उच्चारणे बंद करावे. ज्या दोन वाटांनी हा देश राखला आणि बांधला, त्या वाटांना शाळेतच हलके ठरवले, तर पुढे कोणताही कायदा किंवा योजना त्यांना मान मिळवून देऊ शकणार नाही.

या मेळाव्यात आपल्या वर्गातील निवृत्त फौजी मंडळी मागच्या रांगेत बसतील. त्यांना तशी सवय आहे. त्यांच्याशेजारी जाऊन बसा. लढाईच्या गोष्टी विचाराच, पण पलटणीत हातांनी काय काम केले, कोणते यंत्र हाताळले, हेही विचारा. मंडळाच्या नोंदवहीत ते लिहून ठेवले, तर पुढे परत येणाऱ्या मुलांना काम शिकवायला कोणाला बोलवायचे, हे आपल्याला लगेच कळेल.